घोंगडीच्या पिशवीतला टॅब

शाळेला दिलेला टॅब कुणी वापरलाय की नाही, हे मी तो सुरू न करता सांगू शकतो. काचेवरचा प्लास्टिकचा पापुद्रा बघायचा. तो जाग्यावर असला की समजायचं, टॅब कपाटात होता. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत माझ्या टेबलावर जेवढे टॅब आले, त्यांतल्या बहुतेकांवर तो पापुद्रा होता. एवढ्या एका गोष्टीवर मी स्वतःला मोठा जाणकार समजायला लागलो, आणि त्या जाणकारीनं एका शाळेचा घात केला. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला हलकंफुलकं असावं असं सगळ्यांना वाटतं. तसं थोडं सुरुवातीला आहे. पुढं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी पाठक. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दप्तराचं काम. पणजोबा निजामाच्या काळात दप्तरात, आजोबा तहसिलीत कारकून, वडीलही तेच. मी कॉम्प्युटर शिकलो म्हणून घरात लई कौतुक झालं, पण शेवटी कारकूनच राहिलो, बोरूच्या जागी माऊस आला एवढंच. औरंगपुऱ्यात एका कपड्याच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की आमचं सेंटर होतं. मालक मोहनराव. त्यांच्याकडं काही तालुक्यांतल्या शाळांच्या टॅबचं काम होतं. दोन डेस्कटॉप, एकावर मी आणि दुसऱ्यावर नसरीन. नसरीन माझ्या मुलीच्या वयाची, हाताला चटपटीत, आणि मला न घाबरणारी सेंटरमधली एकटीच.

काम काय, ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. सरकारी कागदात टॅबला हस्तसंगणक म्हणत. ह्या हस्तसंगणकात शाळेचं सॉफ्टवेअर असतं. हजेरी, मुलांचं वाचन, गणितं, सगळं त्यात. मूल वाचायला लागलं की त्याचा आवाजही त्यात राहतो. हे सॉफ्टवेअर शहरातल्यासारखं मोबाईलवरून ओढून घेता येत नाही, कारण बऱ्याच खेड्यांत रेंज नाही. म्हणून शिक्षकानं टॅब घेऊन आमच्याकडं यायचं. मी तो वायरनं डेस्कटॉपला लावायचा. टॅबच्या सेटिंगमध्ये तळाला एक लांबलचक नंबर असतो, त्याच्यावर बोटानं सात वेळा टकटक केलं की टॅब परवानगी देतो. मग डेस्कटॉपवरून सॉफ्टवेअर चढवायचं आणि शाळेचा अकरा आकडी कोड टाकायचा. झालं.

ह्याच्या उलटं दुसरं काम, ते म्हणजे उतरवणं. गावात भरलेली हजेरी, मुलांचे आवाज हे सगळं टॅबच्या पोटातच साठतं. वायर लावून आम्ही ते डेस्कटॉपवर उतरवून घ्यायचं आणि तिथून ते वरच्या ऑफिसला जाणार. तोवर त्याची दुसरी प्रत जगात कुठंही नसते. म्हणून नियम असा, की आधी उतरव, मग चढव. नवीन माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो, आणि बोट वर करून शिकवायचो.

आता गिऱ्हाइकं सांगतो. एक बाई यायच्या, पैठणच्या बाजूच्या मुख्याध्यापिका. त्यांनी टॅबची दसऱ्याला पूजा केली होती आणि हळदीकुंकू नेमकं चार्जिंगच्या भोकात गेलं होतं. मी टाचणीनं कुंकू उकरून काढत होतो आणि त्या म्हणत होत्या, "जरा सांभाळून हो, देवाचं आहे." एक सर दर महिन्याला टॅब बंद पडला म्हणून यायचे. बघितलं तर त्यांच्या वायरीतून नुसती वीज जायची, माहिती जायचीच नाही. मी त्यांना तीनदा चांगली वायर दिली. तिन्ही वेळा त्यांच्या चिरंजीवांनी ती मोबाईलसाठी पळवली. आणि बाकीचे सगळे एकाच जातीचे. जिना चढून यायचे, मी न विचारताच म्हणायचे, "रोज वापरतो साहेब, मुलं सोडतच नाहीत." आणि टॅबवर पापुद्रा.

त्यांना हसणं सोपं आहे. पण शाळेत टॅब आला की त्याची नोंद डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत, होते. पडला, फुटला, हरवला, तर ज्याच्या ताब्यात त्याच्या पगारातून भरून घेतात. मग कोण येडा तो पोरांच्या हातात देईल? टॅब गोदरेजच्या कपाटात, कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात, आणि मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगला. हे सगळीकडं असंच होतं. मी वर्षानुवर्षं रिकाम्या टॅबमधून रिकामी माहिती उतरवून घेतली आणि वर पाठवली. वरून कधी कुणी विचारलंही नाही.

मग जिल्ह्याचं नाव बदललं. त्याबद्दल कुणाचं काय म्हणणं आहे तो विषय वेगळा. माझ्या टेबलापुरता त्याचा अर्थ एवढाच, की सॉफ्टवेअरमध्ये जिल्ह्याचं जुनं नाव जिथं जिथं होतं तिथं बदलून नवीन आवृत्ती आली. ती जुन्यावर बसेना. आधी जुनं समूळ काढायचं, मग नवीन चढवायचं. महिनाअखेरपर्यंत सगळ्या शाळा झाल्या पाहिजेत असा हुकूम. टेबलावर टॅबच्या चळती लागल्या. एक टॅब उतरवायला वीस मिनिटं, तो रिकामा असला तरी, कारण यंत्र सगळे कप्पे उघडून बघतं. पुसून चढवायला मात्र सहाच मिनिटं. पहिले दोन दिवस मी नियमानं गेलो. तिसऱ्या दिवशी उतरवणं सोडून दिलं. डेस्कटॉप विचारायचा, "जुनी माहिती काढायची?" खाली दोन चौकोन, होय आणि नाही. मी होय दाबायचो.

नसरीन पलीकडून विचारायची, "देखे क्या साब?"

"उसमें देखना क्या? खालीच है," मी म्हणायचो.

ती स्वतः मात्र बघायची. दिवसाला तिचे टॅब माझ्या निम्मेसुद्धा व्हायचे नाहीत. मोहनराव तिला बोलायचे आणि माझं उदाहरण द्यायचे. मला ते आवडायचं, हे खोटं कशाला बोलू.

आता शिंगाडे गुरुजी. कन्नडच्या पुढं घाटाच्या अंगाला मेंढपाळांची एक वस्ती आहे, तिथल्या एकशिक्षकी शाळेवर ते होते. स्वतःही मेंढपाळाच्याच घरातले. पट नऊ मुलांचा. दिवाळी झाली की त्यांतली पाच मुलं आईबापाबरोबर मेंढरांमागं निघायची. जालना रोडला करमाडच्या शिवारात त्यांचा मुक्काम पडायचा. त्या मुक्कामाला ते वाडा म्हणतात. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, खत मिळतं म्हणून. पाऊस आला की वाडा परत घाटाकडं.

जानेवारीत शाळेवर तपासणी आली. नऊपैकी चार मुलं हजर. पट खोटा दाखवलाय असा शेरा पडला, आणि कमी पटाच्या शाळांच्या यादीत वस्तीचं नाव गेलं. ह्या शाळा बंद करून मुलं जवळच्या मोठ्या शाळेत घालायची होती. जवळची म्हणजे घाटाच्या रस्त्यानं चार किलोमीटर, ट्रक धावतात त्या रस्त्यानं. तिथं वस्तीवरची लहान पोरं चालत जाणार नव्हती, हे कुणालाही कळत होतं. शाळा बंद म्हणजे त्या नऊ जणांचं शिक्षण बंद.

गुरुजींजवळ उत्तर होतं. दर शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की ते मोटारसायकलवर बसून कन्नडहून शहर ओलांडून करमाडला जायचे. संध्याकाळी वाड्यावर वर्ग, रात्री मुक्काम, रविवारी पुन्हा वर्ग, मग परत. सॉफ्टवेअरमध्ये शाळेबाहेरच्या वर्गाची सोय होती. हजेरी घेतली की ठिकाण आणि वेळ आपोआप नोंदली जायची. ही सोय वापरणारा दुसरा माणूस मी तरी बघितला नाही. दोन हिवाळ्यांची हजेरी आणि पाच मुलांचं वाचन त्या टॅबमध्ये होतं. सोमवारी सुनावणी होती. टॅबमधली हजेरी कागदावर छापून तिथं ठेवली आणि मुलांचं वाचन ऐकवलं की मुलं खरी आहेत आणि शिकताहेत, हे सिद्ध होणार होतं.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या शनिवारी मला दिसलं ते एवढंच, की दुपारी दोन-अडीचला डोक्याला उपरणं गुंडाळलेला, धुळीनं भरलेला एक माणूस जिना चढून आला. त्यानं खांद्याच्या पिशवीतून घोंगडीच्या कापडाची एक शिवलेली पिशवी काढली. काळी, खरखरीत, वर शर्टाचं बटण लावलेली. आतून टॅब काढला.

"साहेब, आधी उतरवून घ्या. माझ्यात डाटा हाय," ते म्हणाले.

"सगळ्यांच्यातच असतो गुरुजी," मी म्हणालो. माझा आवाज कसा होता ते मला आठवतंय.

"परिंट पायजे साहेब. सोमवारला लागती."

"बसा. देतो."

ते माठातलं पाणी प्यायला बाहेर गॅलरीत गेले. मी टॅबला वायर लावली. आता लिहिताना सगळं डोळ्यांसमोर येतं. काचेवर पापुद्रा नव्हता. कोपऱ्याला तडा होता. मागं बोटांचे डाग, एका बाजूला घासून रंग गेलेला. एवढा वापरलेला टॅब मी त्या अख्ख्या महिन्यात बघितला नव्हता. पण मी बघतच नव्हतो. माझं लक्ष उरलेल्या चळतीकडं होतं आणि तोंडानं मी नसरीनशी मोहनरावांच्या कंजूषपणाबद्दल बोलत होतो. सात वेळा टकटक. जुनी माहिती काढायची? होय.

"देखे क्या साब?" नसरीन म्हणाली.

मी नुसता हात हलवला.

सहा मिनिटांनी गुरुजी आत आले तेव्हा नवीन सॉफ्टवेअर चढलं होतं. मी छपाईचं बटण दाबलं. एक कागद आला. वर शाळेचं नाव, जिल्ह्याचं नवीन नाव, आणि खाली लिहिलेलं, एकूण नोंदी शून्य.

गुरुजींनी कागद वाचला आणि मला परत दिला. "साहेब, ह्यो दुसऱ्या शाळंचा आलाय."

मी म्हणालो, "कोड तुमचाच आहे."

"मंग माझी पोरं कुठं गेली?"

मी टॅब हातात घेतला आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. नसरीन उठून माझ्या मागं येऊन उभी राहिली. काय झालं ते तिला कळलं होतं.

गुरुजी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी पण ओरडलो असतो, नियम दाखवला असता, चळत दाखवली असती. ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी विचारलं, "परत येतं का?"

पुसलेलं परत काढायची जी काही सॉफ्टवेअरं असतात ती मी सगळी लावून बघितली. नसरीननं तिच्या ओळखीच्या दोघांना फोन केले. संध्याकाळपर्यंत आम्ही दुसऱ्या टॅबला हात लावला नाही. काही आलं नाही. टॅब आतून असा काही पुसला जातो की मागं खूणसुद्धा राहत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी बसून राहिलो, कारण उठलो असतो तर बोलावं लागलं असतं.

त्या मधल्या वेळात गुरुजी थोडं थोडं सांगत होते. सारिका म्हणून पाचवीतली मुलगी होती. तिला पहिल्या हिवाळ्यात जोडाक्षर आलं की ती थांबायची. आता अख्खा धडा वाचते. तिचे दोन्ही वर्षांचे आवाज टॅबमध्ये होते, एकापाठोपाठ एक लावले की साहेब लोकांना आपोआप कळलं असतं. टॅबची पिशवी तिच्या आजीनं शिवली होती. वाड्यावर धूळ लई, मेंढरांच्या पायाची, म्हणून. "डेड स्टॉकचा माल हाय, फुटला तर गुरुजीच्या पगारातनं जाईल, म्हनली म्हातारी," गुरुजी म्हणाले. आणि हसले पण.

मग मी जे बोललो ते इथं लिहायचं की नाही, ह्यावर लई दिवस घालवले. मी दार लोटून घेतलं आणि गुरुजींना म्हणालो, की टॅबची तारीख मागं नेता येते. तारीख मागं न्यायची, हजेरी भरायची, पुन्हा पुढं आणायची. ठिकाणही बदलता येतं. उद्या रविवार आहे, मी दिवसभर बसतो, दोन हिवाळे भरून देतो. कुणाला ओळखू येणार नाही. माझ्या हाताला ते काम चांगलं येत होतं.

गुरुजी म्हणाले, "साहेब, खरी व्हती तवा कुनी बघितली नाय. आता खोटी कशाला करू?"

"मग काय करायचं?"

"तुमी कागद द्या. की डाटा व्हता, आन् तुमच्या टेबलावर पुसला गेला. दोन वळी खऱ्या लिहा. बास."

"देतो," मी म्हणालो. "सोमवारी सकाळी या."

त्यांनी टॅब घोंगडीच्या पिशवीत घातला, बटण लावलं. "निघतो. पोरं वाट बघत असत्याल," म्हणाले आणि त्याच रिकाम्या टॅबसकट करमाडला गेले.

रविवारी मी मोहनरावांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. मोहनराव वाईट माणूस नव्हता. त्यांनी चहा दिला, पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाठक, आपल्या टेबलावर पुसलं असं लिहिलंत की काम गेलं समजा. तुमची दोनच वर्षं राहिलीत, तुम्ही निभावून न्याल. नसरीनचं काय?"

हे मला पुरेसं होतं. खरं तर मी तेच ऐकायला गेलो होतो.

सोमवारी सकाळी नसरीन माझ्या आधी येऊन बसली होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण माझ्या तोंडावरून कळलं असावं. ती म्हणाली, "साब, मेरा नाम बीच में नक्को लाव. सच्ची बात लिख देव."

मी लिहायला बसलो. आमच्या घराण्यात एक विद्या आहे. कागद असा लिहायचा की घडलेलं सगळं त्यात यावं आणि करणारा कुठं सापडू नये. आजोबा त्यात पटाईत होते, वडील त्यांच्याहून. मला वाटायचं, कॉम्प्युटरवर आल्यामुळं ती विद्या माझ्यात उतरली नाही. त्या सकाळी कळलं की उतरलीय. मी लिहिलं: तांत्रिक कारणास्तव सदर हस्तसंगणकातील माहिती उपलब्ध होऊ शकलेली नाही, करिता प्रमाणपत्र देण्यात येत आहे. खाली सेंटरचा शिक्का. एकही शब्द खोटा नव्हता.

गुरुजी आले. स्वच्छ शर्ट घातला होता, सुनावणीसाठी. त्यांनी कागद उभ्यानं वाचला, पुन्हा वाचला.

"साहेब, ह्याच्यात पुसलं कुनी ते नाय."

"त्याची गरज नसते गुरुजी. सरकारी कागद असाच असतो. तांत्रिक कारण म्हटलं की साहेब लोक समजून घेतात."

मग त्यांनी घड्याळ बघितलं. कन्नडला बाराला पोचायचं होतं. कागदाची घडी करून खिशात घातली आणि जिना उतरून गेले. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी मीच फोन केला. सुनावणीत काय झालं ते गुरुजींनी शांतपणे सांगितलं. साहेबांनी माझा कागद वाचला आणि विचारलं, तांत्रिक कारण म्हणजे यंत्र बिघडलेलं. बिघडलेल्या यंत्रातली हजेरी धरायची कशी? गुरुजींनी सांगायचा प्रयत्न केला, की यंत्र चांगलं हाय, त्यातलं पुसलं गेलंय. साहेब म्हणाले, तसं कागदात कुठं लिहिलंय? विषय पाच मिनिटांत संपला.

"गुरुजी, मी दुसरा कागद देतो. आज देतो, खरा," मी म्हणालो.

"आता निकाल लिवला त्यांनी, साहेब," ते म्हणाले. "तुमी जपा." आणि फोन ठेवला. तुमी जपा म्हणजे काय, ह्याचा मी लई विचार केला. टोमणा नव्हता. टोमणा मारणारा माणूस नव्हता तो.

तरी मी त्या आठवड्यात खरा कागद लिहिला. माझं नाव, माझं टेबल, मी न बघता होय दाबलं, सगळं. पोस्टानं वरच्या ऑफिसला पाठवला. त्याला उत्तर आलं नाही. माझी नोकरी गेली नाही, मोहनरावांचं काम गेलं नाही, नसरीनला कुणी काही बोललं नाही. ज्याला आम्ही एवढं घाबरलो होतो त्यातलं काहीही झालं नाही. तो कागद सोमवारी दिला असता तरी आमचं हेच झालं असतं, फक्त शाळा कदाचित राहिली असती. हे ‘कदाचित’ मी आता रोज उठून बघतो.

जूनमध्ये शाळा बंद झाली. गुरुजींची बदली वैजापूरच्या बाजूला मोठ्या शाळेत झाली. वस्तीवरच्या नऊपैकी दोनच मुलं घाटरस्त्याच्या शाळेत नाव घालून गेली, तीही मोठी मुलं. सारिका गेली नाही. गुरुजींना फोनवर विचारलं तर म्हणाले, "वाड्यासंगं हाय. बारक्या भावाला बघती, मेंढरं बघती." त्यानंतर मला फोन करायचं धाडस झालं नाही.

ह्या घटनेनंतर मी प्रत्येक टॅब उघडून बघायला लागलो. वीस मिनिटं लागू देत नाहीतर तास. मोहनराव कुरकुरायचे. चळती वाढायच्या. आत काही नसायचं. एकानंतर एक रिकामे टॅब मी नियमानं उतरवून घेतले, आणि दर वेळी मनातल्या मनात म्हणायचो, ह्यात तरी काहीतरी असू दे.

श्रावणात बंद झालेल्या शाळांचे टॅब जमा होऊन आमच्याकडं आले. साफ करून दुसऱ्या शाळांना द्यायचे होते. खोक्यात सगळ्यांत खाली घोंगडीची पिशवी होती. मी बटण काढलं. कोपऱ्याला तडा गेलेला तोच टॅब.

वायर लावून उघडला. रिकामा नव्हता. पहिली नोंद त्याच शनिवारची होती, ज्या दिवशी मी पुसला त्याच दिवसाची. ठिकाण करमाड शिवार, वेळ रात्रीची, पाचही मुलं हजर. त्यानंतरचा प्रत्येक शनिवार, प्रत्येक रविवार, एप्रिलच्या अखेरपर्यंत. सुनावणीचा निकाल लागल्यानंतरचेसुद्धा. ज्या हजेरीचा आता कुणालाही काही उपयोग नव्हता, ती गुरुजींनी शेवटपर्यंत घेतली होती.

मी उतरवून घ्यायचं बटण दाबलं. डेस्कटॉपनं कोड तपासला आणि सांगितलं, ह्या कोडची शाळा अस्तित्वात नाही, माहिती स्वीकारता येत नाही. चार वेळा दाबलं. चारही वेळा तेच. ह्या सॉफ्टवेअरमधून माहिती बाहेर काढायचा दुसरा रस्ता नाही. आधी उतरव, मग चढव म्हणून मी सगळ्यांना शिकवलं, पण उतरायला शाळाच राहिली नसली तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या पहिल्या शनिवारी एक आवाजाची नोंद होती. सारिका, इयत्ता पाचवी. मी ती लावली.

आधी मेंढरांचा कालवा ऐकू आला, मग कुत्रं. मग मुलीचा आवाज, "गुरुजी, मागचं समदं पुसलं?"

"व्हय."

"मी वाचल्यालं बी?"

"व्हय बाई."

मग ती म्हणाली, "मंग आता कशाला वाचू?"

"वाच तू," गुरुजी म्हणाले. "साहेब चांगले हायेत. सोमवारी खरं लिहून देनार हायेत. वाच."

आणि ती वाचायला लागली. धडा पूर्ण वाचला, कुठंही न थांबता. जोडाक्षराला आवाज जरा चढायचा, तेवढंच.

मी दोनदा ऐकलं. मोबाईल जवळ धरून तो आवाज त्यात घ्यावा असं डोक्यात आलं होतं. घेऊन कुणाला ऐकवणार होतो? गुरुजींना? तिला? टॅब ठेवून घ्यायचाही विचार केला, पण डेड स्टॉकला त्याची नोंद होती आणि तो दुसऱ्या एका शाळेच्या नावावर गेलाही होता. पिशवीची नोंद कुठंच नव्हती. ती मी माझ्या खणात ठेवली. काम सोडलं तेव्हा घरी आणली. आता इथं टेबलावर आहे, अजून धुळीचा वास येतो.

डेस्कटॉपवर प्रश्न येऊन थांबला होता. जुनी माहिती काढायची? होय. नाही. नाही दाबलं की पुन्हा तोच प्रश्न यायचा.

"देखे क्या साब?" नसरीननं विचारलं.

"हौ," मी म्हणालो. "देखा."

आणि होय दाबलं.